समतेचा कायदा सरकारी नोकरीपाशीच का थांबतो?

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेलेल्या तरुणाला मॅनेजरने तोंडावर सांगितलं, "तुमच्या लोकांना आम्ही कामावर घेत नाही," तर त्याने दाद कुठे मागायची? शिकल्यासवरल्या माणसांना हा प्रश्न विचारला की बहुतेक जण पटकन म्हणतात, "असं कसं म्हणेल कोणी? घटनेत लिहिलंय ना!" घटनेत लिहिलेलं आहेच. कलम १६ सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला नोकरीत डावलता येणार नाही. पण ते कलम राज्याच्या नोकरीपुरतं आहे. कारखान्याचा मालक त्याच्या कक्षेत येत नाही.

तो तरुण अनुसूचित जातीचा असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या मदतीला येऊ शकतात. पण ते दोन्ही फौजदारी कायदे. म्हणजे पोलीस ठाणं, गुन्हा, साक्षीदार, आणि जातीवरूनच नाकारलं हे संशयापलीकडे सिद्ध करण्याचं ओझं. तो मोमिनपुऱ्यातला मुस्लिम असेल, किंवा एखाद्या भटक्या जमातीतला असेल, तर तेवढीही वाट नाही. २०१५ साली मुंबईतल्या एका निर्यातदार कंपनीने व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या मुस्लिम तरुणाला ईमेलने कळवलं होतं की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवारांनाच घेतो. पुरावा लेखी, तारखेसकट. तरी गुन्हा नोंदवायचा तर नोकरीतल्या भेदभावाचं कलमच सापडेना. शेवटी दंड संहितेतलं राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याचं कलम लावावं लागलं.

भेदभावाविरुद्धचं सरकारी धोरण आपल्याकडे जुनं आहे, अनेक ठिकाणी धाडसी आहे, आणि त्याचा मोठा हिस्सा आपल्याच माणसांनी लढून मिळवलेला आहे. पण जात आणि धर्म यांच्या बाबतीत ते सरकारने स्वतःच्या नोकऱ्यांपुरतंच नीट राबवलं. नोकऱ्या तिथून निघाल्या आणि धोरण तिथेच बसून राहिलं.

१८३३ च्या चार्टर अ‍ॅक्टच्या ८७ व्या कलमाने ईस्ट इंडिया कंपनीला बजावलं होतं की धर्म, जन्मस्थान, कूळ किंवा वर्ण एवढ्यावरून कोणाही देशी माणसाला कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये. जवळपास हीच भाषा १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या २९८ व्या कलमात उतरली आणि तिथून घटनेत आली. जात आणि लिंग ही कारणं घटनेने जोडली. शंभराहून जास्त वर्षं समता कागदावर होती. ती अमलात आणायला माणूस नव्हता, दफ्तर नव्हतं, आकडा नव्हता. आकड्यात बोलायची सुरुवात शाहू महाराजांनी केली. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या.

तोही आदेश संस्थानच्या नोकऱ्यांपुरता होता. खासगी नोकरीत काय चालत होतं हे पाहायला नागपूरकरांनी कोल्हापूरला जायची गरज नाही. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्यांच्या शिकवण्यात काही खोट निघाली नव्हती. पालकांना चालत नाही, एवढं कारण पुरलं. आज "आमचं काही नाही हो, क्लायंटला चालत नाही" असं सांगणारा मॅनेजर त्याच शाळेतून निघालेला आहे. जाईबाईंनी पुढे नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. ती त्यांची थोरवी. पण अन्याय झालेल्या प्रत्येकाने नवी शाळा काढावी अशी अपेक्षा कोणतंही सरकार ठेवू शकत नाही.

गिरण्यांमध्ये आणि रेल्वेत हाच खेळ जास्त पद्धतशीर होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगारांची एकी मोडते म्हणून त्यांनाच बोल लावला गेला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे त्यांनी रेल्वेतल्या भरतीची गोष्ट उलगडून दाखवली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि स्टेशनमास्तरला अस्पृश्य माणूस घरात चालत नाही. नियमात "अस्पृश्यांना पोर्टर करू नये" असं एक अक्षरही नव्हतं. घरकामाचा अलिखित रिवाज एवढंच काम करून जात होता. भेदभाव कसा चालतो हे समजून घ्यायला याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

मग आलं १९४२. जुलै महिन्यात नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. या दोन गोष्टी आपण सगळे जाणतो. त्याच वेळी नागपुरात झालेल्या महिला परिषदेबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. त्या परिषदेने गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा मागितली, एक महिन्याची हक्काची रजा मागितली, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षं नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन मागितली. गिरण्यांत बायकांवर देखरेख करायला बायकाच नेमाव्यात, असाही ठराव केला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल देशाने कायदा केला तो २०१३ साली. नागपूरच्या कामगार बायकांना त्याचं मूळ १९४२ मध्ये कळलेलं होतं. आणि त्यांची मागणी बघा, गिरणी, बिडी, नगरपालिका, रेल्वे असं सगळं एका दमात. मालक खासगी की सरकारी हा भेद त्यांनी केलाच नाही.

मजूरमंत्र्यांच्या काळात कामं भराभर झाली. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या, १९४६ मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. १९४४ च्या फेब्रुवारीत कोळसा खाणींतल्या स्त्रियांच्या प्रश्नावर केंद्रीय विधिमंडळात चर्चा झाली. त्या वेळी बाबासाहेबांनी नोंदवलं की स्त्री-पुरुष असा फरक न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व उद्योगात प्रथमच प्रस्थापित झालं आहे. या खाणी बहुतेक खासगी मालकांच्या होत्या, हे लक्षात घ्या. स्त्रियांना पुन्हा जमिनीखाली उतरवण्याचा युद्धकाळातला निर्णय वादाचा होता आणि त्यावर टीका झाली ती योग्यच. पण मालकाच्या हजेरीपटात हात घालायला सरकार तेव्हा कचरलं नाही.

१९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने, म्हणजे इथे नागपुरात, अनुसूचित जातींवरची नागरी बंधनं दूर करणारा कायदा केला. १९५५ चा केंद्रीय कायदा आल्यावर तो त्यात विरला. राज्याला दिल्लीच्या आधी कायदा करता येतो, याचा हा घरचा दाखला.

घटना खासगी माणसाच्या दारात जातच नाही असं म्हणणाऱ्यांनी कलम १५ चा दुसरा भाग वाचावा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते इथे कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही, मग दुकान कोणाच्याही मालकीचं असो. खासगी हॉटेलात चहा प्यायचा हक्क घटनेने दिला. त्याच हॉटेलात नोकरी मागण्याचा समान हक्क मात्र पुढच्या कायद्यांवर सोपवला. ते कायदे व्हायला हवे होते. भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ क्रमांकाचा करार १९६० साली मान्य केला. रोजगारातला भेदभाव मोडून काढण्याचं धोरण राबवण्याची हमी त्यात आहे, आणि धर्म व सामाजिक मूळ ही दोन्ही कारणं त्यात नावानिशी आहेत. सही केली. सर्वांना लागू होणारा कायदा आजतागायत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत गाडी पुढे सरकली, हे मान्य करायला हवं. १९७६ चा समान वेतन कायदा खासगी मालकालाही लागू झाला आणि भरतीतल्या भेदभावालाही त्याने बंदी केली. त्या तरतुदी आता वेतन संहितेत आल्या आहेत आणि संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणारा परराष्ट्र सेवेतला नियम १९७९ मध्ये मुथम्मा यांच्या खटल्यात न्यायालयात टीकेचा विषय झाला. पहिल्या बाळंतपणाला हवाई सुंदरीची नोकरी घालवणारा नियम १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल आला. पुढे अपंगांसाठी २०१६ चा कायदा झाला. त्याने खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला लावलं. एचआयव्हीबाधितांना नोकरीत डावलण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली, तृतीयपंथी व्यक्तींना डावलण्यास २०१९ च्या. हे सगळे कायदे खासगी कंपनीच्या आत जातात. त्यामुळे उद्योग बुडाले, गुंतवणूक पळाली, असं काही झालेलं नाही. मग जात आणि धर्म या दोनच कारणांपाशी सरकारचा हात का आखडतो? या देशातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट भेदभाव त्याच दोन कारणांवर उभा आहे.

"त्यासाठी आरक्षण आहे ना," असं यावर हमखास ऐकू येतं. आरक्षण आणि भेदभावबंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण ठरावीक जागा राखतं. उरलेल्या जागांवर निवडणारा माणूस न्यायाने वागतो की नाही, हे बघणं भेदभावबंदीचं काम. आपण सगळी ताकद पहिल्यावर वाद घालण्यात घालवली आणि दुसरी गोष्ट कधी मागितलीच नाही. शिवाय आरक्षण जिथे आहे ती जागाच आकसते आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. ज्या वस्त्यांनी अंबाझरीची आयुध निर्माणी, रेल्वे, पोस्ट, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) यांच्या पगारावर पोरं शिकवली, त्यांच्या नातवंडांना आज त्याच फाटकातून आत जायचं तर ठेकेदाराचा गेटपास लागतो. खाणीतली माती उपसायला ठेकेदार, गाड्या धुवायला ठेकेदार, शहराचा कचरा उचलायला एजन्सी. पैसा सरकारचा, काम सरकारचं, पण माणूस निवडणारा खासगी. तिथे आरक्षण पोहोचत नाही आणि भेदभावबंदीही नाही.

भेदभावाची दुसरी बाजू सफाईच्या कामात दिसते. तिथे कोणाला नाकारत नाहीत. तिथे ठरावीक जातींनाच बोलावतात. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे ही नोकरी म्हणजे छप्पर आहे, आणि ते काढून घ्या असं मी कदापि म्हणणार नाही. पण बारावी झालेल्या, संगणक येणाऱ्या मुलाला बापाच्या जागेवर झाडूच मिळत असेल, तर सरकारनेच जात पुढच्या पिढीच्या हाती दिली असं होतं. वारसाला हक्क असावा तो नोकरीचा. काम त्याच्या शिक्षणाप्रमाणे मिळावं.

माझ्या ओळखीची एक मुलगी नागपुरात इंदोऱ्यात, म्हणजे बौद्ध वस्तीत, राहते. बी.कॉम., टॅली येतं, जीएसटीची विवरणपत्रं ती एकटीने भरते. शहरातल्या एका फर्ममध्ये अकाउंट्सच्या जागेसाठी गेली. कामाचे प्रश्न झाले, उत्तरं बरोबर आली, साहेब खूश दिसले. मग सुरू झालं: "राहता कुठे?" इंदोऱ्यात. "वडील काय करते?" ऑर्डनन्समधून रिटायर झाले. "गावाकडचं आडनाव हेच का?" हेच. समोरचा कागद उलटा ठेवला गेला. "कळवतो." आठवड्याभरात त्याच जागेची जाहिरात पुन्हा आली. मी तिला म्हटलं, तक्रार कर. ती म्हणाली, "ताई, ते काही वाईट बोललेच नाहीत. मी दाखवू काय?"

तिचं बरोबर होतं. एका मुलाखतीवरून काही सिद्ध होत नाही. भेदभाव दिसतो तो शंभर मुलाखती शेजारी-शेजारी ठेवल्यावर. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तेच केलं. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. पोरांनी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं. गुणवत्तेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी या आकड्यांवर थांबून विचार करावा. सारखी गुणवत्ता नावावरून नाकारली जात असेल, तर भेदभावबंदीचा कायदा गुणवत्तेच्याच बाजूने उभा राहतो.

उद्योजकांचं म्हणणं असतं, आम्ही स्वतःहून करतोय. २००६ मध्ये खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा तापली, तेव्हा उद्योग संघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कृती गट नेमला आणि स्वेच्छेची आचारसंहिता आणली. त्यातून प्रशिक्षण झालं, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण नाकारलेल्या उमेदवाराला कोणासमोर उभं राहून प्रश्न विचारता येईल, अशी एकही जागा त्यातून निर्माण झाली नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. आराखडा कपाटात आहे.

दुसऱ्या देशांनी हे कसं केलं? अमेरिकेत १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढून संरक्षण उद्योगांतल्या वंशभेदाला बंदी केली. रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगार नेत्याने वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याची तयारी केल्यावर तो निघाला. सरकारकडे एक साधी किल्ली होती: ज्याला आमचं कंत्राट हवं त्याने आमची अट पाळावी. १९६४ मध्ये सर्व मोठ्या खासगी मालकांना लागू होणारा कायदा झाला, आणि १९६५ च्या आदेशाने कंत्राटदारांवरच्या अटी कडक केल्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो १९६५ चा आदेश एका सहीने रद्द केला. १९६४ चा कायदा मात्र त्यांना तसा पुसता आला नाही. आपल्याकडे जीआर काढून समाधान मानणाऱ्यांनी आणि मिळवणाऱ्यांनी हा फरक नीट बघावा. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने नोकरीत जातीवरून भेदभाव करण्याला स्थानिक कायद्याने बंदी घातली. सिएटलच्या खासगी ऑफिसात जातीवरून डावललेल्या माणसाला आज शहराकडे तक्रार करता येते. मिहानमधल्या खासगी ऑफिसात डावललेल्या माणसाला नागपूर शहर काही देऊ शकत नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जात नाकारली, त्या शहराने हे मुकाट सहन करू नये असं मला मनापासून वाटतं.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई आहेच. तीच मनाई जात, धर्म, पंथ आणि वस्ती यांना लावून सर्व खासगी व ठेकेदारी नोकऱ्यांपर्यंत नेणारा कायदा विधिमंडळ करू शकतं. त्यात तीन गोष्टी नसतील तर तो कायदा १८३३ सारखाच कागदावर राहील. मालकाने आलेले सर्व अर्ज आणि निवडीची कारणं काही वर्षं जपून ठेवली पाहिजेत. तक्रार पोलिसांकडे न जाता जिल्ह्यातल्या दिवाणी अधिकार असलेल्या मंडळाकडे गेली पाहिजे, जिथे शिक्षेऐवजी भरपाई आणि नोकरी हे उपाय असतील. आणि तक्रारदाराने सकृद्दर्शनी संशयाला जागा दाखवली की निवड न्याय्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर यायला हवी. इंदोऱ्याच्या त्या मुलीच्या हाती पुरावा नव्हता. फर्मच्या फायलीत तो असतो. छोट्या दुकानदाराला कागदपत्रांचा त्रास नको, हे मान्य. त्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा ठेवता येते.

दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात यशवंत स्टेडियमवरून विधान भवनाकडे मोर्चे निघतात. जुनी पेन्शन, कंत्राटी कामगारांना कायम करणं, रखडलेली भरती अशा मागण्या असतात आणि त्या रास्तच असतात. खासगी नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा करा, ही मागणी त्यांच्या फलकांवर यायला हवी. कायदा होईपर्यंतही हातावर हात धरून बसायचं कारण नाही. महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), वेकोलि, रेल्वे आणि मेडिकलसारखी सरकारी रुग्णालयं यांच्या प्रत्येक टेंडरमध्ये पीएफ आणि ईएसआयसीच्या अटी असतातच. त्यांच्याच खाली आणखी एक अट घालता येईल: ठेकेदार भरतीत जात, धर्म वा वस्ती विचारणार नाही, कोणत्या कामावर कोणत्या समाजाची किती माणसं आहेत याचा तक्ता दर सहा महिन्यांनी जाहीर करेल, आणि तक्रार खरी ठरल्यास बिल अडवलं जाईल.